खोल गेलेला ओढा वर कसा आला: ओरेगॉनमधल्या ब्रिज क्रीकचे प्रकरण

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याचा मधला आणि पूर्वेकडचा बराच भाग कोरडा आहे. पश्चिमेकडून येणारा पाऊस कॅस्केड पर्वत अडवतात आणि त्यांच्यामागच्या पर्जन्यछायेत झुडपी माळ, मातीच्या टेकड्या आणि उन्हाळ्यात रोडावणारे ओढे एवढेच उरते. अशाच एका ओढ्याचे नाव ब्रिज क्रीक. मिचेल नावाच्या छोट्या गावातून तो खाली उतरतो, पेंटेड हिल्सच्या लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या टेकड्यांजवळून वाहतो आणि जॉन डे नदीला मिळतो. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे ७१० चौरस किलोमीटर आहे. एवढ्या पसाऱ्याला आपल्याकडे कुणी नदीच म्हणेल, पण उन्हाळ्यातले त्याचे पाणी पाहिले तर ओढा हाच शब्द योग्य वाटतो. एरवी शांत असणारा हा ओढा कधी खवळतो, हे मिचेलच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. जुलै १९५६ मध्ये अचानक आलेल्या पुराने गावातल्या इमारती आणि पूल उद्ध्वस्त केले होते.

नदी-ओढ्यांच्या पुनरुज्जीवनाची अनेक प्रकरणे वाचायला मिळतात. बहुतेकांत काम झाल्याचे फोटो असतात. कामाआधी काय होते आणि नंतर नेमके काय बदलले, याची मोजणी फारशी नसते. ब्रिज क्रीकवर काम सुरू होण्याआधी काही वर्षे मोजणी झाली, ओढ्याचे काही टप्पे मुद्दाम हात न लावता ठेवले, तुलनेसाठी मर्डरर्स क्रीक हा दुसरा ओढा निवडला आणि त्यानंतरच पात्रात छोट्या लाकडी बंधाऱ्यांचे खांब ठोकायला सुरुवात झाली. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखे आहे. आणखी एक कारण आहे, ते शेवटी येईल. ज्या गोष्टीला तिथे आजार मानले, तीच आपल्याकडे उपाय म्हणून केली जाते.

आजार: पात्र खाली, काठ वर

ब्रिज क्रीकचा तळ कालांतराने खाली गेला होता. मूळ पूरमैदान, म्हणजे पुराचे पाणी पसरते तो काठचा सपाट भाग, जिथे होते तिथेच राहिले, आणि ओढा त्याच्या खाली मीटरभराहून अधिक खोल, उभ्या मातीच्या भिंतींच्या चरात वाहू लागला. वरवर पाहता यात फार बिघडले असे वाटत नाही. पाणी वाहते आहे, काठ उंच आहेत, पूर शेतात शिरत नाही. पण ओढ्याचे सगळे जगणे त्याच्या काठाशी असलेल्या देवाणघेवाणीवर चालते आणि नेमकी तीच बंद पडलेली असते.

निरोगी ओढ्यात पूर आला की पाणी काठावर चढते, पसरते, मंदावते. मंदावल्यामुळे गाळ खाली बसतो, पाणी मातीत मुरते आणि पूर ओसरल्यावर महिनोन्‌महिने तेच पाणी हळूहळू ओढ्यात परत झिरपते. चरात अडकलेल्या ओढ्याला पसरायला जागाच नसते. पुराची सगळी ताकद त्या अरुंद चरात एकवटते, तळ आणखी खरवडला जातो, चर आणखी खोल होतो. पुढच्या पुराला त्याहून जास्त पाणी चरात मावते, म्हणजे त्याची ताकद आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. खाली घट्ट खडक लागेपर्यंत किंवा चर पुरेसा रुंद होईपर्यंत ते चालूच राहते.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. काठाच्या मातीतले पाणी ओढ्याच्या तळाच्या पातळीशी बांधलेले असते. तळ खाली गेला की काठातले पाणीही चरात निथळून खाली जाते. मग विलोसारख्या पाण्याकाठच्या झाडांची मुळे कोरडी पडतात. (आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठचा वाळुंज याच विलो कुळातला.) ती झाडे मेली की काठ धरून ठेवणारे कुणी राहत नाही, आणि त्यांच्या जागी कोरड्या माळावरचे सेजब्रश आणि ज्युनिपर येतात. थोडक्यात, पाणलोटात पाऊस पूर्वीइतकाच पडत असला तरी ओढ्याच्या काठावर दुष्काळ येतो.

हे झाले कसे

याची सुरुवात फार दूर, युरोपातल्या टोप्यांच्या फॅशनपासून होते. बीव्हर हा पाण्याकाठी राहणारा, झाडे कुरतडून ओढ्यात बंधारे घालणारा प्राणी. त्याच्या केसांपासून बनवलेल्या फेल्टच्या टोप्यांना मोठी मागणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओरेगॉनच्या प्रदेशावर ब्रिटन आणि अमेरिका या दोघांचाही दावा होता. ब्रिटिशांच्या हडसन्स बे कंपनीने १८२० च्या दशकात एक धोरण आखले: कोलंबिया नदीच्या दक्षिणेकडच्या खोऱ्यांतला बीव्हर इतका संपवायचा की अमेरिकन शिकाऱ्यांना तिकडे यावेसेच वाटू नये. पीटर स्कीन ऑग्डेन याच्या तुकड्या याच काळात मध्य ओरेगॉनमधून फिरल्या; १८२५-२६ च्या हिवाळ्यात त्या जॉन डे नदीच्या खोऱ्यातही आल्या होत्या.

राजकीय डाव म्हणून आखलेल्या या धोरणाचा फटका ओढ्यांना बसला. बीव्हरचे बंधारे म्हणजे ओढ्याच्या उतारात घातलेल्या पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला पाणी थांबते, गाळ टाकते, मग पुढच्या पायरीवर उतरते. पायऱ्या गेल्या की तेवढाच उतार पाणी एका धावेत पार करते आणि वाटेत तळ खरवडत जाते.

पुढच्या घावांची यादी लवकर सांगून टाकतो. १८६२ मध्ये कॅन्यन क्रीकला सोने सापडले, तिकडे जाणारा घोडागाडीचा रस्ता याच भागातून गेला, पाठोपाठ गुरे आणि मेंढ्या आल्या, काठावरचे गवत आणि विलोचे कोंब चरून संपले, काही ठिकाणी सिंचनासाठी ओढ्याचे पाणी वळवले गेले. यातल्या कोणत्या एका गोष्टीने ओढा खोल गेला, हे वेगळे काढणे अवघड आहे आणि त्याने फारसा फरकही पडत नाही. बंधारे गेले, मुळे गेली, आणि पुराला मोकळे रान मिळाले.

बीव्हर परतले, पण टिकेनात

विसाव्या शतकाच्या अखेरीस खालच्या ब्रिज क्रीककाठच्या सरकारी जमिनीवर चराईला आवर घातला गेला. विलो पुन्हा फुटू लागले आणि बीव्हरही दिसू लागले. १९८८ ते २००४ या काळात ओढ्याच्या सुमारे २५ किलोमीटर लांबीत दरवर्षी बीव्हरचे बंधारे मोजण्यात आले. एका वर्षी अवघे ९, तर दुसऱ्या एका वर्षी १०३. हा चढउतारच सगळे सांगून जातो. बीव्हर बंधारे बांधत होते आणि पूर ते फोडत होता. बहुतेक बंधारे एक-दोन हंगामांच्या पुढे जात नव्हते.

कारण उघड होते. चर अरुंद, त्यामुळे पुराची सगळी ताकद बंधाऱ्यावर येणार. काठावर जाड लाकूड नाही, त्यामुळे बंधारा बारीक विलोच्या काटक्यांचा होणार. आजारी ओढ्यात बीव्हरला टिकता येत नव्हते, आणि बीव्हर टिकल्याशिवाय ओढा बरा होणार नव्हता.

याच ओढ्यावर मायकल पोलॉक या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मोजली: जे थोडे बंधारे टिकले, त्यांच्यामागे गाळ किती साठला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नव्या बंधाऱ्यांमागे तळ वर्षाला ०.४७ मीटरपर्यंत वर आलेला आढळला; सहा वर्षे जुन्या बंधाऱ्यांमागे हाच वेग ०.०७५ मीटरच्या आसपास उतरला होता. या आकड्यांचे महत्त्व मला फार वाटते. तोपर्यंत खोल गेलेला ओढा पुन्हा पूरमैदानाच्या पातळीला यायचा म्हणजे अनेक पिढ्यांचा, कदाचित शतकांचा मामला, असा समज होता. इथे मोजमाप सांगत होते की गाळाची कमतरता नाही, तो थांबवणाऱ्या आडोशाची आहे. बंधारा काही वर्षे उभा राहिला तर हे काम एका माणसाच्या हयातीत, कदाचित त्याच्या नोकरीच्या काळातही, होऊ शकते.

प्रश्न एवढाच उरला: बंधारा उभा कसा ठेवायचा?

मेढी आणि विणकाम

उत्तर फार साधे निघाले. ओढ्याच्या पात्रात आडव्या रांगेत लाकडी मेढी ठोकायच्या. कुंपणाचे खांब ठोकायला वापरतात तसल्या हायड्रॉलिक यंत्राने, माणसांनी हातात धरून. मेढींमध्ये साधारण हात-दीड हाताचे अंतर. त्यांची उंची बेताची, जुन्या काठापर्यंत नव्हे. छोट्या पुरातही पाणी वरून सहज ओसंडून जावे अशी. मग मेढींमधून विलोच्या ओल्या फांद्या विणायच्या, कोकणात कारवीचा कूड विणतात तशा. वरच्या अंगाला बुडाशी माती, गोटे, गवत भरायचे. पाणी पूर्ण अडवायचे नसते. ते झिरपत राहावे, पण मंदावे, एवढेच अपेक्षित असते. याला बीव्हर डॅम ॲनालॉग म्हणतात, म्हणजे बीव्हरच्या बंधाऱ्याची माणसाने केलेली नक्कल. सोयीसाठी बीडीए.

सगळे बंधारे एकसारखे नव्हते. काही ठिकाणी बीव्हरचाच जुना, फुटत आलेला बंधारा मेढी ठोकून बळकट केला. काही ठिकाणी नुसत्या मेढींची रांग ठेवली, विणकाम बीव्हरवर सोपवले. काही ठिकाणी पूर्ण विणून दिला. २००९ ते २०१२ या काळात ओढ्याच्या चार टप्प्यांत मिळून असे १२१ बीडीए बांधले गेले.

यात सिमेंट नाही, जाळीत बांधलेला दगड नाही. लाकूड कुजणार, हे बांधतानाच मान्य होते. मेढींचे काम सुरुवातीचे काही पूर सोसण्याचे. तेवढ्या अवधीत बीव्हरने तिथे वस्ती करावी, रोजची डागडुजी हाती घ्यावी, काठावर विलो वाढावेत आणि गाळ बसावा. माणसाने बांधलेली वस्तू ओढ्याच्या स्वतःच्या हालचालीत विरघळून जावी, असा हा हिशेब. बीव्हरने तो खरा केला. अनेक बीडीए त्यांनी ताब्यात घेतले, उंच केले, लांबवले. शिवाय आजूबाजूला स्वतःचे नवे बंधारे घातले आणि ते पूर्वीपेक्षा अधिक टिकू लागले.

ढासळणाऱ्या काठाकडे पाहण्याची दुसरी दृष्टी

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग इथे आहे. काठ ढासळतो आहे म्हटले की आपला पहिला विचार तो बांधून काढण्याचा असतो. दगडी पिचिंग, गॅबियन (जाळीत बांधलेले दगड), संरक्षक भिंत. धूप हा शत्रू आणि काठ म्हणजे तटबंदी, असे आपण धरून चालतो. ब्रिज क्रीकवर काम करणाऱ्यांनी उलट प्रश्न विचारला: हा ओढा बरा व्हायचा असेल तर त्याला काय लागेल?

त्याला दोन गोष्टी लागतात. चर रुंद व्हायला हवा, म्हणजे पुराची ताकद विभागली जाईल. आणि तळ वर यायला गाळ हवा. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून मिळतात: चराच्या उभ्या भिंतींतून. बीव्हरचा बंधारा पुरात अनेकदा मधून न फुटता टोकाशी फुटतो. पाणी वळसा घालते, काठाची भिंत खाते, चर तेवढा रुंद होतो. निघालेली माती खालच्या बंधाऱ्यामागे जाऊन बसते. रुंद झालेल्या जागेत गाळाचा नवा, खालच्या पातळीवरचा पट्टा तयार होतो आणि त्यावर विलोचे बी रुजते. पुढचा बंधारा अधिक रुंद जागेत असल्याने अधिक टिकतो. मग तळ आणखी वर येतो, आणि एके दिवशी पुराचे पाणी कित्येक दशकांनी जुन्या मैदानाच्या कडेवर चढते.

चर खोल जातो, रुंद होतो, भरतो, हा क्रम भूरूपशास्त्राला १९८० च्या दशकापासून माहीत आहे. पोलॉक, ज्यो व्हीटन, क्रिस जॉर्डन आदींनी २०१४ च्या त्यांच्या लेखात त्या क्रमात बीव्हरची जागा दाखवली: बीव्हर हा क्रम वेगाने पुढे ढकलतो, आणि त्याचे फुटलेले बंधारेही त्यातले एक काम करून जातात. म्हणून बंधारा फुटला की योजना फसली, असा हिशेब इथे नव्हता. एक फुटला तर खालचे दहा त्याचा गाळ झेलायला उभे असतात. हीच गोष्ट एकट्या, मोठ्या, मजबूत बांधकामात जमत नाही. त्याचे फुटणे परवडत नाही, म्हणून ते ओढ्यापेक्षा ताकदवान करावे लागते, आणि तेवढी ताकद घातली की ओढ्याची हालचालच थांबते.

सगळीकडे काठ ढासळू द्यावा, असे मी म्हणत नाही. काठाला लागून घर असेल, रस्ता असेल, पुलाचा पाया असेल तर तो बांधावाच लागेल. ब्रिज क्रीकच्या त्या टप्प्यांत ओढ्याला हलायला जागा होती, आणि जागा असणे ही या पद्धतीची पहिली अट आहे.

मोजमाप काय सांगते

या सगळ्या कामामागची सरकारी निकड बीव्हरची नव्हती, माशाची होती. स्टीलहेड हा समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट. गोड्या पाण्यात जन्मतो, एक ते तीन वर्षे ओढ्यात वाढतो, समुद्रात जातो आणि अंडी घालायला परत येतो. मध्य कोलंबिया खोऱ्यातला स्टीलहेड १९९९ मध्ये कायद्याने संकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. जॉन डे नदीवर मोठे धरण नाही, तरी समुद्रापर्यंत जाता-येता त्याला कोलंबियावरची तीन मोठी धरणे ओलांडावी लागतात. ती धरणे हटवणे कुणाच्या हातात नव्हते. लहानपणीची वर्षे माशाला बरी जावीत, एवढे मात्र ओढ्यावर करता येण्यासारखे होते.

हजारो पिल्लांच्या अंगात सूक्ष्म ओळख-चिप बसवून, ओढ्यात अँटेना लावून त्यांचा माग ठेवला गेला. निक बाउव्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुलनेच्या ओढ्याच्या मानाने ब्रिज क्रीकमध्ये पिल्लांच्या जगण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांनी आणि एकूण उत्पादन १७५ टक्क्यांनी वाढले होते. पिल्लांची दाटीही वाढली. सहसा दाटी वाढली की अन्नासाठी मारामार होऊन जगण्याचे प्रमाण घटते. इथे दोन्ही वाढले, याचा अर्थ राहण्याजोगी जागाच वाढली होती. बंधाऱ्यांमागे डोह झाले, कडेने उपप्रवाह सुटले, पाण्याखालचे क्षेत्र वाढले, काठातली भूजलपातळी वर आली.

काम सुरू करताना दोन आक्षेप सर्वांत जोरात होते आणि दोन्ही रास्त होते. पहिला: बंधाऱ्यांनी माशाची वाट अडेल. संकटग्रस्त माशाच्या ओढ्यात आडवे काहीही घालायला परवानगी मिळवणे म्हणूनच अवघड असते. प्रत्यक्षात वर जाणाऱ्या मोठ्या माशांना किंवा खाली उतरणाऱ्या पिल्लांना बंधाऱ्यांचा अडथळा झाल्याचे आढळले नाही. बीव्हर आणि स्टीलहेड या ओढ्यांत हजारो वर्षे एकत्र राहिले आहेत. झिरपणारा, कडेने वाट असलेला, बेताच्या उंचीचा बंधारा आणि काँक्रीटची भिंत यांत माशाला मोठा फरक कळतो.

दुसरा आक्षेप: साठलेले पाणी उन्हात तापेल आणि थंड पाण्याचा मासा मरेल. नुसते डोह पाहिले तर भीती पटण्यासारखी होती. पण निकोलस वेबर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेली तापमानाची मोजणी वेगळेच सांगते. ज्या टप्प्यांत बंधारे दाट होते तिथे दिवसा चढणारे आणि रात्री उतरणारे तापमान सपाट झाले, दुपारचा उच्चांक उतरला, आणि ठिकठिकाणी थंड पाण्याचे कोपरे सापडले. डोहातले पाणी काठात आणि तळाखाली मुरते, जमिनीत थंड होते आणि बंधाऱ्याच्या खाली पुन्हा वर येते. खोल गेलेल्या, एका धावेत वाहणाऱ्या ओढ्यात हा फेरा बंद पडलेला असतो.

हा निकाल पुष्कळांना इतका आवडला की त्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम भागात जागोजागी मेढी ठोकल्या जाऊ लागल्या. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्कॉट नदीच्या खोऱ्यात हे काम सुरू झाले. २०१९ मध्ये युटा स्टेट विद्यापीठातून या पद्धतीची सविस्तर मार्गदर्शिका निघाली. मला इथे थोडे सावध राहावेसे वाटते. ब्रिज क्रीकमध्ये भरपूर बारीक गाळ होता, पुन्हा फुटणारे विलो होते, चराईला लगाम बसला होता आणि जवळपास बीव्हर होते. यातले एखादे नसेल तर मेढी म्हणजे काही वर्षांत कुजणारी लाकडे. विशेषतः चराई चालू ठेवून मेढी ठोकणे व्यर्थ आहे, कारण गाळावर रुजलेले कोंब तगले नाहीत तर पुढच्या बंधाऱ्याला लाकूड कुठून येणार?

आपल्या नाल्यांशी याचा संबंध

महाराष्ट्रात बीव्हर नाही. पाऊस तीन-चार महिन्यांत कोसळतो आणि बहुतेक नाले हिवाळ्यात कोरडे पडतात. खाली बेसॉल्ट आहे, त्यावर मुरूम, त्यावर काळी माती. तेव्हा ब्रिज क्रीकची नक्कल इथे चालणार नाही. निदान मात्र चालते.

डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण आणि रुंदीकरण हे गावोगाव सर्वांत जास्त दिसलेले काम. पोकलेन आले, नाला उकरला, पहिल्या पावसात तो तुडुंब भरला, आसपासच्या काही विहिरींना पाणी आले. लोकांचा आनंद खरा होता. जिथे गाळाने भरलेला जुना नाला होता, किंवा जिथे उकरल्यावर पाझरता मुरूम उघडा पडला आणि खाली बंधाऱ्याने पाणी थांबवले, तिथे फायदाही खरा. पण अनेक ठिकाणी खोलीकरण उथळ भूजलाच्या पातळीखाली गेले, आणि मग नाला पाणी मुरवण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या शेतांतले पाणी ओढून घेणारा चर झाला. काठ उभे कापले गेले, काठाची निर्गुडी, करंज, वाळुंज यंत्राखाली गेले, वाळू आणि गोटे उचलले गेले. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत ते उभे काठ कोसळतात, त्यांचीच माती नाल्यात बसते, आणि पुन्हा गाळ काढण्याचे अंदाजपत्रक तयार होते. वरच्या अंगाला, जिथे उकरणे थांबले तिथे, तळात एक पायरी उरते; ती पायरी प्रत्येक पुरात मागे कोसळत जाते आणि न उकरलेला नालाही खोल करत नेते.

ओरेगॉनमध्ये जे घडायला बीव्हरची शिकार, गुरांची चराई आणि कित्येक दशके लागली, ते आपण एका उन्हाळ्यात यंत्राने करतो, आणि त्याला जलसंधारण म्हणतो. मला हे फार खटकते.

आणि आपल्याकडे दुसरी वाट नव्हती असेही नाही. मृदसंधारणाच्या कामात वरच्या ओघळींवर ब्रशवुडचे म्हणजे काटक्या-मेढींचे बंधारे आणि दगडांचे सैल बांध घालण्याची पद्धत जुनी आहे. पावसाळा संपताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे शाळेतली मुलेही घालतात. माथा ते पायथा काम करण्याचा आग्रह गावातली जाणती माणसे धरतातच. कमी पडते ते संख्येत आणि सातत्यात. एका नाल्यावर एक मोठा सिमेंट बंधारा घालायला निधी मिळतो; त्याच नाल्यावर हातभर उंचीचे चाळीस आडोसे घालून दरवर्षी त्यातले फुटलेले दुरुस्त करायला मिळत नाही. ब्रिज क्रीकवर ही रोजची डागडुजी बीव्हर करतो. इथे ती माणसाला करावी लागेल, म्हणजे तिची मजुरी योजनेत पहिल्या दिवसापासून धरावी लागेल, आणि रोजगार हमीत बसण्यासारखे हे काम आहे.

एखाद्या गावाने हे करून पाहायचे ठरवले तर नाला निवडण्यापासून काळजी घ्यावी. दोन्ही काठांना निदान काही मीटर पडीक पट्टा असलेला, घरे आणि पूल नसलेला, वरून गाळ येणारा टप्पा घ्यावा. त्याच नाल्याचा तसाच दुसरा टप्पा मुद्दाम मोकळा ठेवावा, नाहीतर पाणी वाढले ते कामामुळे की चांगल्या पावसामुळे, हे कधीच कळणार नाही. काम सुरू होण्याआधी किमान दोन पावसाळे दोन्ही टप्प्यांजवळच्या विहिरींची पातळी, ठरावीक ठिकाणी तळाची उंची आणि नाला कोणत्या महिन्यात आटतो याची नोंद ठेवावी. मेढीसाठी ओल्या, फुटवा येणाऱ्या फांद्या वापराव्यात. निर्गुडी ओल्या जागी खोचली तर लागते. आणि निदान काठावर झाडी उभी राहीपर्यंत त्या पट्ट्यात शेळ्या-गुरे जाऊ नयेत, हे ग्रामसभेत आधी ठरवून घ्यावे, कारण मेढी ठोकण्यापेक्षा हेच जास्त अवघड जाते.